घोडनदीकाठच्या पांढरीतल्या लोखंडी वस्तू : ओळखायला मदत हवी

काळीपांढरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी नात्यातल्यांचं रान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीचं टेकाड आहे, भोवतालच्या काळ्या रानापेक्षा दोन-अडीच मीटर उंच. कडेचा भाग ट्रॅक्टरने नांगरताना खापरं आणि काही लोखंडी वस्तू वर आल्या. उत्खननात प्राचीन वस्ती मिळालेलं इनामगाव त्याच तालुक्यातलं, म्हणून घरात "तीन हजार वर्षांपूर्वीचं" अशी बोलणी सुरू झाली आहेत. मला तेवढी खात्री वाटत नाही. मापं देतो, वजन किराणा दुकानाच्या काट्यावरचं आहे.

१. लांबट तिकोनी जाड पट्टी. लांबी २१ सेंमी, रुंद टोकाला ७ सेंमी, जाडी साधारण १ सेंमी. रुंद टोकाच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या. निमुळतं टोक एका बाजूने जास्त झिजलेलं. ६४० ग्रॅम.

२. अर्धचंद्राकृती चपटा पत्रा, १० सेंमी, बाहेरच्या कडेला ओळीने चार भोकं.

३. इंग्रजी सी अक्षरासारखा तुकडा, ८ सेंमी लांब, दोन्ही टोकं आत गुंडाळलेली. ५५ ग्रॅम.

४. काळा खडबडीत गोळा, खालून वाटीसारखा फुगीर, वरून जवळपास सपाट. व्यास ११ सेंमी, उंची साडेतीन, वजन ५५० ग्रॅम. मध्येमध्ये काचेसारखी चकाकी. चुंबक काही ठिकाणी ओढतो, काही ठिकाणी नाही.

५. चौकोनी छेदाची सळई, ३४ सेंमी, जाडी १२ मिमी. एक टोक अणकुचीदार, दुसऱ्या टोकाला वळवून केलेली कडी.

६. गोल गोळा, व्यास ६.४ सेंमी, ९९० ग्रॅम.

बरोबर आलेल्या खापरांत काळ्या रेघांची नक्षी असलेली लाल खापरं आहेत, आतून काळी बाहेरून तांबडी आहेत, हिरव्या काचेच्या बांगडीचे तुकडे आहेत आणि भाजक्या मातीच्या चिलमीचं एक तोंड आहे. सगळं नांगराच्या एकाच पट्ट्यातलं.

वस्तू कोणत्या, किती जुन्या, आणि गंज काढायला व्हिनेगरमध्ये टाकल्या तर चालेल का?

ऐरण

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: व्हिनेगर नको. लिंबू, चिंच, फॉस्फोरिक अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, बॅटरी चार्जर लावून केलेलं इलेक्ट्रोलिसिस, यातलं काहीच नको. कारण पुढे कुणीतरी सविस्तर लिहीलच. मी आकारांबद्दल लिहितो.

क्र. १ लाकडी नांगराचा फाळ आहे. वळवलेल्या कडांच्या खोबणीत लाकडाचं टोक बसतं, आणि फाळ जमिनीत घुसताना आपोआप घट्ट होत जातो. कुदळ असती तर दांड्यासाठी आडवं नेढं असतं. तिफणीचा असता तर यापेक्षा बराच लहान आणि हलका असता. एका बाजूची झीज तास एकाच अंगाला पडत राहिल्याने येते. आता महत्त्वाचं: खोबणीच्या आत टॉर्च मारून बघा. गंजात लाकडाचे उभे तंतू उमटलेले असतील तर तिथे काडीसुद्धा घालू नका. लाकूड कुजताना लोखंडाचे क्षार त्याची जागा घेतात, आणि त्या ठशावरून प्रयोगशाळेत कधीकधी लाकडाची जातही ओळखता येते.

या घडणीचा फाळ सातवाहन काळातल्या वस्त्यांत मिळतो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या लोहाराकडेही मिळाला असता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. त्याचा फाळ बोल्टाने बसतो, त्याला भोकं असतात. तुमच्यात भोकं नाहीत म्हणजे तो लाकडी नांगराचा, एवढंच. त्यावरून "प्राचीन" ठरत नाही.

क्र. २ बैलाची पत्री. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. भोकं बाहेरच्या कडेलाच असतात, कारण आतल्या बाजूला खिळा मारला तर तो जिवंत मासात जातो. घोड्याचा नाल अखंड असतो, त्याचा हा तुकडा नाही. भोकं चौकोनी असतील तर ती तापवून सुंब्याने (भोक पाडायच्या लोखंडी हत्याराने) पाडलेली. एकसारखी गोल आणि स्वच्छ असतील तर ड्रिलची, म्हणजे अलीकडची.

क्र. ३ माझ्या मते चकमकीचं पोलाद. गुंडाळलेल्या टोकांमुळे बोटांना पकड मिळते आणि सरळ पाठ गारगोटीवर मारायची. वापरून वापरून पाठ मधोमध किंचित खोल होते, ती पट्टी लावून तपासा. घोड नदीच्या गाळात चालसेडोनी, अकीक भरपूर मिळतात, त्यामुळे गारेची कधीच टंचाई नव्हती. आगपेट्या स्वस्त होईपर्यंत ही वस्तू घरोघरी होती.

क्र. ४ लोहाराच्या भट्टीच्या तळाशी साचलेलं कीट. तापवलेल्या लोखंडावरच्या खपल्या, वाळू, राख आणि भट्टीच्या लिंपणाची माती वितळून भात्याच्या नळीखाली वाटीच्या आकारात गोठते. फुगीर बाजू खाली. वजनाला आकारमानाने भागलं तर घनता अडीचच्या आसपास येते. भरीव लोखंडाची साडेसातच्या वर असते, म्हणजे हा गोळा लोखंडाचा नाही. चुंबक जिथे ओढतो तिथे आत लोखंडाचे कण किंवा खपल्या अडकल्या आहेत.

खनिजापासून लोखंड गाळण्याच्या भट्टीचं कीट निराळं दिसतं: जड, दाट, वरच्या अंगाला काकवी ओतावी तशा वळ्या, आणि ते ढिगाने मिळतं. विदर्भात नायकुंडला इ. स. पू. ७०० च्या सुमाराची अशी भट्टी उत्खननात मिळाली आहे. आपल्याकडे घाटमाथ्यावर जांभ्यातून लोखंड गाळणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत काम करत होते, त्यामुळे महाबळेश्वरच्या बाजूला रानात कीट दिसलं म्हणून ते लगेच दोन हजार वर्षांचं धरू नये. तुमच्या टेकाडावर एकच वाटी आहे. ती गावच्या लोहाराची.

लोहारशाळेची जागा नक्की करायची असेल तर एक सोपा उपाय आहे. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेकाडाच्या पृष्ठभागावरच्या सुट्या, कोरड्या मातीवरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं कागदावर पडतं. इथे पुणे जिल्ह्याची खास फसगत आहे: आपल्या बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे नदीकाठच्या कुठल्याही मातीतून काळी वाळू चिकटून येते. दहापटीचं भिंग लावा. घणाखालच्या खपल्या चपट्या असतात, एक ते तीन मिमी, निळसर काळ्या, नखाने तुटणाऱ्या. सोबत बारीक पोकळ गोळ्याही मिळतात. बेसाल्टचे कण नुसते दाणेदार. एकाच जागी मूठभर खपल्या मिळाल्या तर ऐरण तिथेच होती. शोध वरच्यावर ठेवा, उकरू नका.

जुनाबाजार

क्र. ३ बद्दल थोडा मतभेद. पेटाऱ्याच्या किंवा संदुकीच्या कडीचा अर्धा भागही असाच दिसतो. फरक छेदात आहे. कडीची सळई सगळीकडे सारख्या जाडीची आणि बहुधा गोल असते, आणि झीज टोकांच्या आतल्या बाजूला, जिथे ती कोयंड्यात फिरते. चकमकीचं पोलाद पाठीला जाड आणि टोकांकडे पातळ होत जातं. धागाकर्त्याने जाडी तीन ठिकाणी मोजून द्यावी.

क्र. ५ ला मी आत्ता नाव देणार नाही. घोडा बांधायची मेख असू शकते, बैलगाडीच्या साटीतला खिळा असू शकतो, होडी बांधायची खुंटीही असू शकते. मेख असेल तर कडीचा माथा घणाच्या घावांनी पसरलेला, कडेने ओठ आलेला असेल. घाव नसतील तर ती ठोकायची वस्तूच नव्हे.

आणि एक, खिळे मिळाले तर टाकून देऊ नका, काळाचा अंदाज द्यायला फाळापेक्षा खिळा बरा. हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होतो, माथा ओबडधोबड. पत्र्यातून यंत्राने कापलेला दोनच बाजूंनी निमुळता, उरलेल्या दोन समांतर, आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा नसतो. गोल तारेचा खिळा त्याच्याही नंतरचा. फक्त उलटं अनुमान काढू नका: हाताने घडवलेले खिळे खेड्यापाड्यांत फार उशिरापर्यंत होत होते.

तुलनेसाठी पुण्याच्या केळकर संग्रहालयात जाऊन कड्या, कुलपं, दिवे, अडकित्ते बघून या. रविवारी जुन्या बाजारात फिरलात तर पत्र्या, फाळ, मोटेची कडी हातात घेऊन बघता येतील. मात्र तिथला विक्रेता सांगेल तो काळ कानाआड करा.

थर आणि खापर

वरच्या दोन्ही प्रतिसादांत वस्तू काय हे नीट आलंय. किती जुनी, हा प्रश्न लोखंडाला विचारून सुटत नाही. विळा, खुरपं, फाळ, पटाशी, खिळा यांचे आकार दोन हजार वर्षांत फारसे हललेले नाहीत, कारण काम तेच राहिलं. काही आकार अपवाद आहेत. विदर्भातल्या महापाषाणीय (मोठ्या दगडांनी वेढलेल्या, लोहयुगातल्या) दफनांत, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथे, कुऱ्हाडीचं पातं दांड्याला आवळायला आडव्या लोखंडी पट्ट्या असतात. तसं काही मिळालं तर आकारावरून बोलता येतं. तुमच्या सहांपैकी एकही तसा नाही.

तुमच्या यादीतली सगळ्यात बोलकी गोष्ट चिलीम आहे. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आला, दख्खनेत तो रुळला सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे. म्हणजे नांगराने उलथलेला तो पट्टा निदान सतराव्या शतकापर्यंत तरी वापरात होता. काळ्या रेघांची लाल खापरं जोर्वे संस्कृतीची, म्हणजे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांची असू शकतात. इनामगावला ती वस्ती इ. स. पू. ७०० च्या सुमारास संपली आणि त्या लोकांची हत्यारं तांब्याची आणि दगडी पात्यांची होती. लोखंडी फाळ त्यांच्या पदरात टाकता येणार नाही. काळी-तांबडी खापरं मधल्या काळातली, बहुधा सातवाहनकालीन. त्याच थरांत शंखाच्या बांगड्या, शिशाची नाणी, हातभर लांबीच्या विटा मिळतात का बघा. थोडक्यात टेकाडावर किमान तीन वेळा माणसं राहिली, आणि नांगराने तिन्हींची खिचडी केली.

खोलीवरून काळ काढायचा मोह होईल. कडेच्या काळ्या मातीत तो टाळा. उन्हाळ्यात तिला मीटरभर खोल भेगा पडतात, वरची वस्तू भेगेतून खाली जाते, पावसाळ्यात माती फुगून भेग बंद होते. पत्री मीटरभर खाली मिळाली म्हणून ती जुनी होत नाही. पांढरीच्या राखट मातीत भेगा कमी पडतात, पण उंदीर-घुशींची बिळं असतातच.

यापुढे काही वर आलं तर उचलण्याआधी जागेवर फोटो घ्या, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं, त्याचा व्यास २७ मिमी. एक फोटो वरून, एक बाजूने, एक तुटलेल्या छेदाचा. गट नंबर, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि हाताच्या अंतरात कोणती खापरं होती हे लिहून ठेवा. खापरं धुवायला हरकत नाही, लोखंड धुवायचं नाही.

धातूची तपासणी हवी असेल तर भोसरी-चाकणकडे एक्सआरएफ बंदूक (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं मोजणारं हातातलं यंत्र) वापरणाऱ्या टेस्टिंग लॅब आहेत. गंजावर मारली तर ती मातीचे आकडे देते, उघडा धातू लागतो. मँगनीज एकसारखं ०.३ टक्क्यांच्या वर आलं तर बहुधा कारखान्याचं पोलाद, म्हणजे १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतरचं. कोळशाच्या भट्टीतल्या घडीव लोखंडात मँगनीज जवळपास नसतं, कीटाच्या बारीक रेषा मात्र असतात. ही बंदूक कार्बन मोजत नाही, तेव्हा "पोलाद की साधं लोखंड" हे तिला विचारू नका.

ऐरण

क्र. ६ च्या गोळ्याबद्दल लिहायचं राहिलं. बिडाची (ओतीव लोखंडाची) घनता ७.२ धरा. व्यासाचा घन गुणिले ०.५२३६ गुणिले ७.२. तुमचे ६.४ सेंमी घातले की ९८८ ग्रॅम येतात, काट्यावर ९९०. म्हणजे भरीव. लहान तोफेचा असू शकतो, दगड-चुना दळायच्या गिरणीतलाही असू शकतो. ओतीव असेल तर साच्याची कंबरपट्ट्यासारखी बारीक रेघ आणि ओतण्याच्या तोंडाचा घासलेला ठिपका शोधा. घडीव असेल तर घणाचे बारीक चपटे पैलू दिसतील. उन्हात वर्षभर राहूनही जेमतेम गंजलेला असेल तर क्रोमियमवाला गिरणीचा गोळा, विषय संपला.

इतर वाचकांसाठी, खास करून खडकी-दापोडीकडच्यांनी: हिशेबापेक्षा वजन चांगलंच कमी भरलं, किंवा गोळ्याला बुजवलेलं भोक दिसलं, तर तो दारू भरलेला पोकळ गोळा समजायचा. गंजल्याने बीड हलकं होतं हे खरं, पण तो निर्णय घरी घ्यायचा नाही. हलवू नका, ठोकू नका, घासू नका, ११२ ला फोन करा. दारू दोनशे वर्षांनीही पेटते.

काळीपांढरी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. क्र. ३ ची जाडी पाठीला ६ मिमी, टोकांजवळ ३. पट्टी लावल्यावर मधे फट दिसते. गोळ्यावर अर्धवट रेघ आहे. क्र. ५ च्या कडीचा माथा एका बाजूने पसरल्यासारखा वाटतो, पण तो गंजाचा फुगारा आहे की घाव, ते कळत नाही. दुसरं म्हणजे फाळावर कालपासून पिवळट तपकिरी थेंब दिसताहेत, घाम आल्यासारखे. पुसले की परत येतात.

कोरडी_पेटी

पुसू नका. ते थेंब म्हणजे आत अडकलेलं क्लोराइड. ते हवेतली ओल ओढतं, आम्लधर्मी पाणी होतं, त्याने धातू खाल्ला जातो आणि नवा क्षार धातू आणि वरच्या गंजाच्या मधे वाढून खपल्या उचलतो. मातीत शतकानुशतकं टिकलेली वस्तू पुण्याच्या एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून संपते ती अशी. तुमच्या भागात उसाचं बागायत असेल तर पाण्यातला क्षार आहे, शिवाय म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच.

आज करायचं ते असं. मऊ कोरड्या ब्रशने आणि बांबूच्या काडीने सुटी माती काढा, चिकटलेली राहू द्या. प्रत्येक वस्तू वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत, पिशवीला टाचणीने बरीच भोकं. सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात. तळाशी सिलिका जेल, वस्तूंच्या एकूण वजनाइतकं तरी, तुमच्या बाबतीत गोळा आणि कीट धरून तीन किलो. कागद, कापूस, लाकडी पेटी नको, लाकडातून आम्लाची वाफ येते. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. जेलच्या रंगावर विसंबू नका: निळ्याचा गुलाबी होतो तो चाळीस टक्क्यांच्या सुमारास, आणि लोखंडाला पंधराच्या खाली ठेवायचं आहे. आकडा वीसकडे सरकला की जेल ओव्हनमध्ये ११० अंशांना तीन-चार तास भाजा, बंद बरणीत गार करा, परत भरा. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. स्वयंपाकाचा ओव्हन असेल तर हे आणखी कटाक्षाने पाळा.

व्हिनेगर आणि इलेक्ट्रोलिसिस का नको तेही सांगतो. जुन्या लोखंडाचा मूळ पृष्ठभाग उरलेल्या धातूवर नसतो, तो गंजाच्या आतल्या काळसर दाट थरात असतो. आम्ल तो थर विरघळवतं. हातात चकचकीत, बारीक, आकार हरवलेला गाभा उरतो, आणि लाकडाचे किंवा कापडाचे ठसे गेलेले असतात. प्रयोगशाळेत आधी एक्स-रे काढतात, मग त्या थरापर्यंतच यांत्रिक सफाई. क्लोराइड काढायला कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइटच्या द्रावणात, लिटरला अनुक्रमे २० आणि ६३ ग्रॅम, हवाबंद भांड्यात ६० अंशांना, आठवड्यांमागून आठवडे. आकडे दिले ते प्रकरण किती किचकट आहे हे कळावं म्हणून. घरी करायचं नाही, पूर्ण गंजलेली वस्तू त्यातच सुटी होते. तेल, ग्रीस, वॉर्निशही आत्ता लावू नका, क्लोराइड आत कोंडलं जाईल.

सळईचा प्रश्न एक्स-रेच सोडवेल. इंडस्ट्रियल रेडिओग्राफीवाल्यांकडे १०० किलोव्होल्टच्या आसपास काढून घ्या. धातू पांढरा दिसेल, गंज राखाडी. माथ्याचा पांढरा भाग पसरलेला असेल तर घाव, पांढरा भाग नीट आणि फक्त राखाडी फुगलेलं असेल तर गंज. कडी एकाच सळईतून वळवली की वेगळी जोडली, तेही त्याच फिल्मवर दिसेल.

जुनाबाजार

जाडीच्या आकड्यांवरून क्र. ३ चकमकच, माझा आक्षेप मागे.

थर आणि खापर

कायद्याचं थोडक्यात. जमिनीत मिळालेल्या मौल्यवान वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे, त्यातली मर्यादा अजून दहा रुपयांची, आणि कळवायचं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. पत्रीसाठी कुणी दारात येणार नाही, पण टेकाड म्हणून ही जागा नोंदवण्यासारखी आहे. तहसील कार्यालयात एक अर्ज द्या, त्याची प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या पुणे विभागाला, आणि फोटो व खापरं घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात दाखवा. तिथे लोखंडापेक्षा तुमच्या रेघांच्या खापरांत जास्त रस घेतला जाईल. ती वेगळ्या पिशवीत, टेकाडाच्या कोणत्या बाजूची ते लिहून न्या. तोवर त्या कडेला नांगर आणि जेसीबी दोन्ही थांबवा, मेटल डिटेक्टरवाल्या हौशी मित्रांना पत्ता देऊ नका, आणि इथे टाकलेल्या फोटोंतून लोकेशन काढून टाका.